लोंबती वायर आणि पर्याय क

बाळांनो, डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्ही परळच्या एका चाळीत राहता. चौकाभोवती चारही बाजूंनी गॅलरी, कुठेही न तुटणारी. सकाळी तुम्ही ओरडलात, "पाणी आलं!" शेजारच्यांनी ऐकलं, तेही ओरडले. मग त्यांच्या शेजारचे. हाक सगळीकडून फिरून पुन्हा तुमच्याच दाराशी आली. तुम्हाला वाटलं, नवीच बातमी! तुम्ही पुन्हा ओरडलात. आता सगळी चाळ ओरडतेय आणि हंडा मात्र कुणीच भरत नाही.

उघडा डोळे. अशीच गत लालबागच्या एका परीक्षा केंद्राची झाली, आणि त्यात मनूच्या आजोबांच्या नोकरीवर बेतलं.

मनू दहा वर्षांची. तिचे आजोबा, धोंडूमामा, त्या केंद्रात शिपाई होते. तिथे मोठी माणसं परीक्षा द्यायला यायची. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी जोडून नीट चालते ठेवायचे, त्या नेटवर्कच्या कामाची परीक्षा. पास झालं की प्रमाणपत्र. केंद्रप्रमुख रमाकांत सरांकडे अशी सात प्रमाणपत्रं होती, काचेच्या फ्रेममध्ये. आठव्यासाठी खिळा आधीच ठोकून ठेवला होता.

त्या दिवशी खंडेनवमी. गिरणीत असताना धोंडूमामा मागाची पूजा करत, आता कॉम्प्युटरची. त्यांनी सकाळीच सगळं लख्ख पुसलं. सगळ्या वायरी ज्या काळ्या डब्यात येतात, ज्याला सर 'स्विच' म्हणत, त्यालाही झेंडूची माळ घातली. शाळेला सुट्टी म्हणून आलेल्या मनूने सर्वांच्या हातावर साखरफुटाणे ठेवले.

अकरा वाजता वीस जणांनी परीक्षा सुरू करायचं बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं.

"बंद करून चालू करा," सर म्हणाले. केलं. काही नाही.

"पुन्हा करा." पुन्हा केलं. चक्र फिरतंच.

सरांची नजर झेंडूच्या माळेवर गेली. "धोंडूमामा! हळदकुंकू आत सांडलं ना? तरी सांगत होतो, हे देवघर नाही!"

"नाय ओ साहेब. बाहेरून नुसतं बोट टेकवलं."

"सर, मी बघू का डबा?" मागच्या बाकावरून मेघना म्हणाली. ती दादरच्या एका ऑफिसात चार वर्षं हेच काम करत होती, फक्त कागद नव्हता.

"खुर्ची सोडली तर परीक्षा बाद," सर म्हणाले. "आणि प्रमाणपत्राशिवाय डब्याला हात लावायचा नाही. नियम आहे."

"त्यासाठीच तर आलेय, सर."

"म्हणूनच बसा."

मनू डब्यापाशीच उभी होती. "ताई, इथे सगळे दिवे एकदम लुकलुकतायत. गणपतीच्या तोरणासारखे."

"सगळे? मग बघ गं, एखाद्या वायरीची दोन्ही टोकं त्याच डब्यात आहेत का?"

मनूने माळ बाजूला केली आणि एकेका वायरीवरून बोट फिरवलं. "आहेत! पिवळीची. तसं केलं की काय होतं?"

"पर्याय क!" एकोणीस जण एका सुरात म्हणाले.

"म्हणजे काय?"

अभय नावाचे एक टकले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे... ब नाही. प्रश्नसंचात एवढंच आहे."

"हाक गोल फिरत राहते," मेघना म्हणाली. "उपट ते टोक."

सर 'नियम' म्हणायच्या आत मनूने उपटलं. दिवे शांत झाले, चक्र थांबलं आणि वीस पडद्यांवर पहिला प्रश्न उमटला.

"मी मघाशी बंद-चालू करायला लावलं, त्याचा परिणाम," सर म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "पण ही वायर खोचली कुणी?"

धोंडूमामा गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण ते पुढे आले. "मीच, साहेब. एक टोक लोंबकळत होतं. पूजेला बरं दिसेना. बाजूला भोक रिकामं होतं, तेव्हा..."

"झालं! उद्यापासून यायचं नाही तुम्ही."

"आजोबांनी मुद्दाम नाही केलं!" मनू म्हणाली.

"गप गो," धोंडूमामा हळूच म्हणाले.

"सर," मेघना बसल्या जागेवरून म्हणाली, "असा फेरा आपोआप तोडायची सोय त्या डब्यातच असते. ती बंद कशी?"

सर खिळ्याकडे पाहू लागले. "ते... आठव्या प्रमाणपत्रात येतं."

हसू दाबताना अभयना ठसका लागला.

"मग वरच्या ऑफिसला कळवताना दोन्ही लिहा. मामांनी वायर खोचली, आणि ती सोय बंद होती."

सरांनी रुमालाने चष्मा पुसला. "उद्या तशीही दसऱ्याची सुट्टी आहे," ते म्हणाले. "परवा वेळेवर या, धोंडूमामा."

वीस जण प्रश्नांकडे वळले. मनूने वायरींवर नावं लिहून लावायला दप्तरातून वह्यांवर चिकटवायची लेबलं काढली आणि सरांपाशी जाऊन हळूच विचारलं, "सर, ही पिवळी वायर कुठे जायला हवी?"

"बघावं लागेल," सर म्हणाले.

"आणि ही निळी?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

तेव्हा मनूने निळ्या वायरीवर बोट ठेवलं आणि ती जाईल तिकडे रांगत रांगत टेबलाखाली शिरली.