दुसरी खुर्ची

"म्हणजे मी आता घरी बसायचं?" कोचनी विचारलं.

"तसं कुठं म्हणतोय मी!" प्राचार्य चष्मा पुसू लागले. "राहा की, सहायक म्हणून. मुख्य कोच म्हणून तुमचीच जुनी कप्तान येतेय. घरचीच म्हणा ना."

घरचीच! चिमणी हे नाव कोचनीच तिला दिलं होतं. बास्केटबॉल संघातल्या उंच मुलींच्या घोळक्यात ती दिसायचीच नाही. दिसायचा तो फक्त तिच्या हातून सुटलेला चेंडू.

कोच स्वतः याच कॉलेजात सहायक म्हणून लागले होते. चेंडूत हवा भरायची, फाटकी जाळी शिवायची, बाहेरगावच्या सामन्यांसाठी मुलींच्या आईवडिलांची मनधरणी करायची. जुने कोच निवृत्त झाले आणि शिट्टी यांच्या गळ्यात आली. पुढे मोठ्या कॉलेजांची बोलावणी आली. एकदा बायकोची नोकरी आड आली, एकदा संघ अंतिम फेरीत होता. जायचं राहून गेलं ते गेलंच. आणि अलीकडे संघ पहिल्याच फेरीत गारद होऊ लागला होता.

बायको इस्त्री करत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "अपमान वाटत असेल तर सरळ नाही म्हणा. पण मग घरी बसून मला भांडी लावायला शिकवायचं नाही, सांगून ठेवते."

संध्याकाळी चिमणी दारात उभी. बस म्हटलं तरी बसेना.

"सर, तुम्ही नसाल तर मीही येत नाही."

"डोकं फिरलंय का तुझं? चालून आलेली संधी घालवतेस?"

"मग या ना तुम्ही."

"मला ओरडायची सवय आहे."

"आणि मला ते ऐकायची," चिमणी म्हणाली. आतून बायको खुदकन हसली.

पहिल्या सामन्यात कोच तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. शेवटची काही सेकंदं उरली होती आणि संघ एका गुणाने मागे होता. चिमणीने टाइम-आउट घेतला, मुलींना भराभरा फळीवर चाल काढून दाखवली. कोचनी वेगळी चाल खेळवली असती. ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

"सर?" तिने वळून पाहिलं.

मुली ऐकत होत्या. "चांगलं आहे, मॅडम," कोच म्हणाले. "हेच करा."

अहो-जाहो ऐकून चिमणी क्षणभर गोंधळली, मग मुलींकडे वळली.

चेंडू कड्यावर फिरला, फिरला आणि बाहेर पडला.

चिमणी समोरच्या कोचशी हात मिळवायला निघाली. कोचही सवयीने उठले, दोन पावलं गेले आणि थांबले. आता तिकडे त्यांची वाट कुणी पाहत नव्हतं. ते मागे फिरले, तर बाकाच्या टोकाला एक राखीव मुलगी टॉवेलात तोंड खुपसून रडत होती. हरल्यावर बाकावर काय होतं, हे इतक्या वर्षांत त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते नेहमी तिकडे, हात मिळवायला गेलेले असायचे.

ते तिच्याजवळ बसले. "खेळायला मिळालं नाही म्हणून रडतेस?"

"नाही सर," ती हुंदका देत म्हणाली. "हरलो म्हणून."

त्यांनी पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली आणि तिचं पिऊन होईपर्यंत झाकण मुठीत धरून बसून राहिले.