मर्जीचा अंगठा

बाळ्याने दोन्ही हात काखेत खुपसले आणि बँकेतल्या बाईंना ठणकावून सांगितलं,

"नाही म्हणजे नाही!"

मागे रांगेत दोघं-तिघं हसले. आईला हसू आलं आणि घामही फुटला, कारण हा धडा तिनेच पाठ करून घेतला होता. चौतीस वर्षांच्या, पण समजेने सातव्या वर्षावरच थांबलेल्या मुलाच्या नाकासमोर ती तीन महिने रोज संध्याकाळी काहीतरी नाचवायची, कधी विजेचं बिल, कधी कॅलेंडरचं पान, आणि आवाज जाड करून "अंगठा दे" म्हणायची. धडा इतका मुरला, की पिशव्यांच्या कार्यशाळेत तो हजेरीवरही अंगठा लावेना.

ही वेळ तिच्या सख्ख्या भावाने आणली होती. गेल्या वर्षी ती ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती, तेव्हा मामाने भाच्याला सांभाळलं. सांभाळलं कसलं, कुंपणानेच शेत खाल्लं. तीनदा बँकेत नेऊन बाळ्याचा अंगठा घेतला आणि बापामागे त्याला मिळणारं पेन्शन जवळजवळ सगळं उचललं. जाब विचारला, तर वर तोंड करून म्हणाला, "त्याने राजीखुशीने दिलं, ताई." मेल्याची जीभही झडली नाही.

आता सोमवारी दुसरं ऑपरेशन होतं. आज हा कागद झाला, की तिच्या आणि कार्यशाळेच्या मॅडमच्या सहीशिवाय बाळ्याच्या खात्यातून काहीच निघणार नव्हतं.

"अंगठा त्याचाच हवा," बाई म्हणाल्या. "आणि मर्जीने हवा. हात धरून घेता येत नाही मला."

"अरे, हा आपला कागद आहे. मी सांगतेय ना!"

"नाही म्हणजे नाही."

"आई आहे मी तुझी."

बाळ्याने जरा विचार केला. "तूच म्हणालीस, कुण्णाला नाही."

खरंच होतं ते. शिपायाने शटर अर्धं खाली ओढलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आई बाळ्याच्या कानाशी वाकली आणि बाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"नाही दिलास, तर मी निघून जाईन. परत येणारच नाही."

बाळ्याचे हात झटकन काखेतून बाहेर आले. त्याने आपणहून अंगठा शाईवर दाबला, मग कागदावर. इतका जोरात, की ठसा फराटला.

"मर्जीने ना रे?" बाईंनी विचारलं.

त्याने जोरजोरात मान हलवली. बाईंनी शिक्का मारला आणि कागद आईच्या हातात दिला. चला, सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

"मामापण असंच म्हणायचा," बाळ्या म्हणाला. "अंगठा दे, नाहीतर आई परत येणार नाही."

बाईंनी खाली बघत शाईच्या डबीला झाकण लावलं. आईला कागदाची घडी घालता येईना.

"मग दिला मी. तिन्ही वेळा दिला. आणि तू आलीस." त्याने शाईचा हात तिच्या हातात सरकवला. "आत्तापण दिला. आता नाही ना जाणार?"