हिरव्या दिव्याचा फिल्टर

मित्रांनो, मी पाण्याचा एक जुना फिल्टर. गल्लीच्या टोकाला, सार्वजनिक नळाशेजारच्या भिंतीवर उभा आहे. माझी कीव करू नका, आधी ऐका.

मला विद्यापीठातल्या चार मुलांनी बनवलं. पिंप, वाळू, कोळसा आणि वर एक दिवा. पाणी चांगलं असेल तर हिरवा, खराब असेल तर लाल. नळासमोर शिवणकाम करणाऱ्या मावशींना त्यांनी नीट समजावलं, "लाल झाला की वाळू-कोळसा धुवायचा. बाकी काळजी नको." मावशी आणि त्यांची चार वर्षांची नात चिमी, दोघींचंच घर. त्या दिवसापासून मावशींनी पाणी उकळणं सोडलं.

विद्यापीठाच्या स्पर्धेचे परीक्षक मला बघायला यायच्या सकाळी नळाला गढूळ पाणी आलं. माझा दिवा लालच्या लाल. मुलांची तोंडं उतरली.

"हिरवा दिवा थेट विजेला जोडतो," वायरी बघणारा म्हणाला. "मग हिरवाच राहील."

"आणि नंतर?" चष्मेवालीने विचारलं.

"उद्या येऊन काढतो गं! आता मार्कांचं बघ."

पहिला नंबर आला. फोटो निघाले. मग परीक्षा लागल्या, सुट्ट्या लागल्या, आणि कुणी फिरकलंच नाही. मी पाणी गाळत राहिलो, मित्रांनो, पण माझा कोळसा सडत चालला होता. ओरडायला मला तो एक दिवाच दिला होता, आणि त्याचंच तोंड शिवून टाकलं होतं.

"मावशी, वास मारतोय हो पाण्याला," शेजारीण म्हणाली.

"दिवा हिरवा आहे ना? शिकलेल्या पोरांपेक्षा तुला जास्त कळतं होय?"

चिमीला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तिचा जीव गेला. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी उकळून देत होता का?"

मावशी म्हणाल्या, "आधी द्यायचे."

घरी आल्यावर त्यांनी माझ्यावर गोणपाट टाकलं. एका शब्दानेही मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

यंदा नवी चार मुलं आली, हातात छापील फॉर्म घेऊन.

"आजी, घरात माणसं किती?"

"मागच्यांनी दोन लिहिली होती. तुम्ही एक लिहा."

त्यांनी एक लिहिलं. का, ते विचारलं नाही. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. मग एकाने माझं गोणपाट ओढलं. "अरे, हा तर मस्त चालतोय! हिरवा आहे!" आणि कागदावर लिहिलं, 'यंत्र सुस्थितीत'.

मावशी दारातून धावल्या, "नका रे उघडा ठेवू त्याला!" पण गोणपाट घेऊन पोरं पुढच्या घरी पोचलीसुद्धा.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाच्या तरी गल्लीत भलं करायला जाल. जा. पण फोटो काढून झाल्यावर परत जा, आणि तिथे कोण आजारी आहे ते विचारा. मला पुसू नका, हार घालू नका. माझ्या झाकणाला चारच स्क्रू आहेत. कुणीतरी उघडा मला, ती खोटी वायर काढा, लवकर. आत्ता माझ्या तोटीखाली एक लहान मूल पेला धरून उभं आहे.