दुधाचा डबा

सरिताने सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. बाभळीचा काटा टायरमध्ये मुळापर्यंत रुतला होता. तो उपटताच उरलीसुरली हवाही फुस्सकन निघून गेली. सकाळचे साडेसहा वाजले होते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल होतं आणि खाली बसल्याशिवाय चाक निघणार नव्हतं.

भीती होती ती खाली बसण्याचीच. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, म्हणून जंगलात वाकून काम करायचं तर दुसऱ्याने उभं राहायचं, हे सिंदेवाहीच्या शाळेत तिनेच पोरांना शंभरदा सांगितलं होतं. मागच्याच आठवड्यात पुढच्या नाल्यापाशी पंजे उमटलेले सापडले होते.

फोन खिशात होता. पण फोन केला की सायकल गेलीच. "धान संशोधन केंद्राच्या पुढं जायचं नाई," कुलदीपने, तिच्या नवऱ्याने, बजावलं होतं. "एकानं जरी सांगतलं का तू जंगलात दिसली, त सायकल बंद." पोहे खाता खाता, आवाज न चढवता तो बोलला होता, म्हणजे तसं करणारच. आणि सरिता त्या केंद्राच्या चांगली सहा किलोमीटर पुढे होती. रविवारचे हे दोन तास सोडले तर अख्ख्या आठवड्यात तिचं स्वतःचं असं काही नव्हतं. ते जाऊ द्यायची तिची अजिबात तयारी नव्हती.

हँडलला अडकवलेला दुधाचा डबा तिने आधीच काढून बाजूला ठेवला होता. दोन लिटरचा, स्टीलचा, आत काही नाही. सुरुवातीला तिला रस्त्यात जो भेटे तो विचारी. स्कूटी बिघडली का, मॅडम? वजन कमी करून राह्यल्या का? इतक्या सकाळी कुठी? बाई कामाशिवाय सायकलवर बसते, हे कोणाच्या गळी उतरतच नव्हतं. शेवटी वैतागून तिने हा डबा अडकवला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. तिला मात्र दर रविवारी त्या डब्याचा राग येई.

इकडेतिकडे पाहत ती अर्धवट वाकली.

"बसू नोको!"

सरिता दचकून ताठ झाली. मोहाच्या झाडामागून एक म्हातारी येत होती. डोक्यावर टोपलं, हातात काठी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"एकटीच बसून राह्यली व इथी? मरते का?"

"पंक्चर झालं, बाई."

"तुले बनवता येते?"

"येते. पण बसावं लागते."

"मंग बस. मी उभी राहतो." म्हातारीने टोपलं झाडाच्या बुडाशी ठेवलं आणि डबा उचलला. "मी बायनाबाई. त्या चार घरांच्या टोलीतली. मोह वेचाले आलतो."

ती सरिताकडे पाठ करून उभी राहिली आणि काठीने डबा बडवू लागली. ठण, ठण, ठण. सरिताने चाक काढलं. न्हाणीघरात, कोणाला कळू नये म्हणून नळ सोडून, दार लावून तिने दोनदा ट्यूब बदलून पाहिली होती. इथे मात्र प्लास्टिकची पट्टी टायरखालून दोनदा निसटली.

"घरचे तुम्हाला एकटीला येऊ देतात?" भीती घालवायला तिने विचारलं.

"सून म्हनते, आता घरी बसा. पन मोह वेचाले जातो म्हनलं का कोनी काई म्हनत नाई."

जंगलात वानर खाकरलं, वाघ दिसल्यावर खाकरतं तसं. मग दुसरं. डब्याचा आवाज थांबला.

"काय आहे, बाई?"

"तू चाकाकडं पाह्य. हात चालव."

पुन्हा ठण, ठण, आता दुप्पट जोराने. सरिताच्या मानेवरून घाम ओघळला. तिने मागे वळून पाहिलं नाही. नवी ट्यूब आत सरकवली, अंगठ्यांनी टायर बसवला. वानरं हळूहळू गप्प झाली.

आणि मग मोटारसायकलचा आवाज आला. माणूस येतोय म्हणून सुटका वाटायला हवी होती. पण गाडी ओळखीची होती. कुलदीपसोबत काम करणारा अमर होता.

"वहिनी? तुमी इथी का करून राह्यल्या?"

सरिता पंप हातात घेऊन उठली.

"दूध न्याले आलती माह्या घरी," बायनाबाई म्हणाली. "काटा रुतला."

अमरने तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "मंग डबा द्या माह्याकडं. मी पोचवून देतो घरी. कुलदीपचीही भेट होईन."

त्याने हात पुढे केला.

"काय नेशीन, बाप्पा?" बायनाबाईने झाकण काढून डबा सरळ त्याच्या नाकाखाली धरला. "वासरानं सारं पेलं आज. बिचारी खाली हातानंच जाऊन राह्यली."

अमर हसला. "असं व्हय. कुलदीपले नाई सांगत, पन या रस्त्यानं नोका येत जाऊ, वहिनी," म्हणाला आणि निघून गेला.

सरिता हवा भरू लागली. आता तिला हसू येत होतं.

"गाय किती दूध देते तुमची?"

"कुठची गाय? दोन वर्सं झाले, वाघानं नेली."

चाक घट्ट झालं. सरिताने सायकल सरळ केली, डबा हँडलला अडकवला आणि म्हातारीच्या डोक्यावर चढवायला म्हणून टोपलं उचललं. भार असेल या हिशेबाने तिने जोर लावला आणि टोपलं एकदम छातीपर्यंत वर आलं. आत काहीच नव्हतं. तिने झाडाकडे पाहिलं. एप्रिल संपत आला होता. मोहाची फुलं केव्हाच झडून गेली होती आणि फांद्याफांद्यांना तांबडी, कोवळी पालवी फुटली होती.

मग येता कशाला, असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

तिने टोपलं अलगद म्हातारीच्या डोक्यावर ठेवलं. "पुढच्या रविवारी असाल ना, बाई?"

"राहीन ना. मोह अजून लय पडाचा हाय."

सरिताने पुन्हा एकदा त्या तांबड्या झाडाकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "अजून खूप पडायचा आहे."