सिस्टरच्या भाषेतला भाव

आगरदांड्याच्या धक्क्यावर सकाळचा पहिला भाव मी फोडायचा आणि बाकीच्या कोळणींनी माझ्यामागून जायचं, अशी वीस वर्षांची रीत. शाळा माझी दुसरीत सुटली, पण भावात माझी चूक काढणारी अजून जन्मायची होती. म्हणून नवे पैसे आले त्याच्या पुढल्या साली, मी दीड रुपया फोडलेला असताना चंद्राबाईने सरंग्याच्या जोडीचे तीन घेतले, तेव्हा मला जेवण गेलं नाही.

गिऱ्हाईक म्हणजे पांढऱ्या झग्यातली मिशनची सिस्टर, स्पेन देशाची. खाडीवरच्या बंगल्यात चार सिस्टरी महिनाभर हवापालटाला आल्या होत्या, ही त्यांची स्वयंपाकीण. तिला ना मराठी, ना इंग्रजी. चंद्राबाई बोटं दाखवायची, ती तेवढे रुपये काढून द्यायची.

माझा थोरला अनंता आगबोटीवर खलाशी. अर्जेंटिनाच्या बंदरांत दोन वर्षं हिंडलेला, तिथेही हीच भाषा. तेव्हा तो सुटीवर घरी होता.

"मला भावाचं बोलणं शिकव," मी म्हटलं.

"आये, तू पन बोटंच दाखव की."

"बोटं मुक्यांनी दाखवावी."

तीन दिवस जाळं शिवता शिवता त्याने शिकवलं. कुआंतो म्हणजे केवढ्याला. कारो महाग, बारातो स्वस्त. ऊनो, दोस, त्रेस म्हणजे एक, दोन, तीन.

"आनि मेनोस म्हंजे कमी."

"तो तुझ्याकडंच ठेव. कमीचं मला काय काम?"

चौथ्या दिवशी सिस्टर सगळ्यांच्या आधी धक्क्यावर आली. मी सरंगे पुढे केले. "बारातो. त्रेस रुपियास."

ती थबकली. मग झगा सावरून माझ्यासमोर उकिडवी बसली, माशाचा कल्ला उचलून आत बघितलं, आणि तिचं तोंड जे सुटलं ते थांबेना. त्यात कारो सात वेळा आणि मेनोस किती वेळा, देव जाणे.

मागे अनंता उभा होता. "आये, हिचा बाप मासेमार हाय. ही बाजारात बसून मोठी झाली. मासा कालचा हाय म्हनते."

मासा कालचाच होता. पण हे तिला धक्क्यावर बोलायचं कारण नव्हतं.

एरवी मी तिला वाटेला लावली असती. पण ती पहिलं गिऱ्हाईक, दिवसाची भवानी. भवानी रिकाम्या हाताने गेली की टोपलीला दिवसभर कुणी शिवत नाही. दोनदा ती उठली, दोनदा मीच तिला बसवली. शेवटी जोडी ऊनोला गेली, वर मूठभर कोलंबी तिने आपल्या हाताने उचलली.

"केसरबाय," चंद्राबाई म्हणाली, "म्हंजे आज सगळ्यांचा भाव एक रुपया? मुकी होती तवा बरी देत होती गो. तू तिला तोंड दिलंस."

त्यानंतर रोज पहाटे सिस्टर माझ्यासमोर हजर. मी अनंताला विचारलं, "भवानी दुसरीकडं करून ये, हे कसं म्हनतात?"

"बंदरात कधी लागलं न्हाय."

मग मीच मोठं मन केलं. चंद्राबाईला म्हटलं, "वीस वर्षं मी भाव फोडला, आता महिनाभर तू फोड." आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर धक्क्यावर गेले. चंद्राबाईची अर्धी टोपली खपली होती, दीड रुपयाने. सिस्टर माझ्या जागेवर पोतं अंथरून माझी वाट बघत बसली होती.