समासातले पेन्सिलीचे टिपण

मित्रांनो, माझा पुठ्ठा सुटला आहे, कोपऱ्यांना कसर लागली आहे, तरी मी कुणी ऐरीगैरी नाही. मी पेणच्या मूर्तिकार संघाची जुनी नोटीस वही आहे. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली मला लाल कापडात बांधले. सभा ठरली की संघाचे पगारी चिटणीस महिपतराव मला काखोटीला मारून एकेका कारखान्यात नेत आणि प्रत्येकाची सही घेत. ओल्या शाडूची बोटे माझ्या पानांवर उमटत. मला त्याचा केवढा तोरा होता!

महिपतरावांना एक खोड होती. सहीशेजारी समासात ते पेन्सिलीने माणसाचे मन टिपून ठेवत. 'काळुराम : जागा अपुरी, मूर्ती हलवायची घाई.' 'पोपट : भावाशी बिनसले, एकटा पडलाय.' समजूत घालायला बरे पडते, म्हणत. आणि खरेच, गोडीगुलाबीने ते सगळ्यांना एकत्र ठेवत.

एका वर्षी संघाने ठरवले, रंगवल्याशिवाय एकही मूर्ती पेणबाहेर जाऊ द्यायची नाही. कच्च्या मूर्ती गेल्या, तर गणपतीचे डोळे आखणाऱ्या धोंडुबाईंनी आणि त्यांच्या हाताखालच्या बायकांनी करायचे काय? सगळ्यांनी सह्या केल्या.

त्यानंतर महिपतरावांना रोह्याच्या मूर्ती विक्रेत्यांच्या संघात वरची नोकरी लागली. त्या संघाला कच्च्याच मूर्ती हव्या होत्या. निघण्याआधी तीन दुपारी ते मला पुढ्यात घेऊन काहीतरी उतरवून घेत बसले. मला वाटले, बिचाऱ्यांचा पाय निघत नाही. मी वेडी, त्यांना नीट दिसावे म्हणून पाने सपाट ठेवत होते!

महिनाभरात रोह्याहून दोनच पत्रे आली. काळुरामला मोठी वखार देऊ केली होती आणि पोपटला भागीदारी. दोघांनी कच्च्या मूर्ती टेम्पोत भरून पाठवल्या. मग बाकीच्यांचाही धीर सुटला. धोंडुबाईंच्या बायका ऐन हंगामात हात बांधून बसल्या.

सभेत पोपट रडवेला झाला. "मी एकटा पडलोय ह्ये रोह्याला कुनी सांगितलं? मी फकस्त महिपतरावांजवळ बोललो व्हतो."

कुणीतरी मला उघडले. समास वाचता वाचता सगळ्यांचे चेहरे उतरले.

धोंडुबाई म्हणाल्या, "पोट हाय, मानूस नोकरी बदलनारच. त्याला कोन नाय म्हनत नाय. पन आमच्या मनातलं बांधून न्यायचं व्हतं व्हय?"

त्या दिवसापासून मला एकही मूर्तिकार हात लावत नाही. नवा चिटणीस मला घेऊन दारात गेला की लोक म्हणतात, "तोंडी सांग. सही नाय देनार." लिहिले महिपतरावांनी, चोर मी ठरले. मित्रांनो, हे मला फार लागले आहे.

तुम्ही मोठे व्हाल, नोकऱ्या कराल, खुशाल बदलाल. जाताना आपली छत्री न्या, डबा न्या. पण कुणी विश्वासाने सांगितलेले तेवढे तिथेच ठेवून जा. माझ्यात अजून चाळीस पाने कोरी आहेत आणि पेणमध्ये त्यांच्यावर सही करणारे कुणी उरले नाही.