बारक्या पुरला तेवढा

"भावजी, नांगर थांबवा. बांध माझा आहे."

"बांधावर काय तुझं नाव कोरलंय?"

"नाव कशाला? तुमचा फाळ रोज कोरतोय तेवढं पुरे नाही का!"

सकाळी सकाळी हे सुरू झालं आणि आम्ही आजूबाजूचे सगळे हातातली कामं टाकून कडेला जमलो. भांडण फुकट बघायला मिळत असेल तर आमच्या गावात कुणाची कंबर दुखत नाही. नांगरामागे उभा होता तो थोरला दीर. गाव त्याला फाळ्या म्हणतं, कारण बैल सरळ चालले तरी बांधाजवळ याच्या नांगराचा फाळ शेजाऱ्याच्या रानात वळतोच. बैलांच्या शिंगांना भिडून उभी होती ती त्याच्या मेलेल्या भावाची बायको. हातात खुरपं आणि तोंडात निखारे. दुसरं तिच्याजवळ राहिलं होतं काय? हा रानाचा तुकडा, बस्स. एकुलता एक पोरगा होता, तो लढाईत गेला.

बारक्या म्हणायचो आम्ही त्याला. अंगानं नुसती काडी. फाळ्याचा पोरगा लंब्या आणि तो एकाच दिवशी फौजेत भरती झाले, एकाच तुकडीत लढले. लंब्या दवाखान्यात पडला आणि बारक्या पेटीतून घरी आला. पेटी उघडली तर जखमा सगळ्या पाठीवर. झालं! फौजेनं 'लढताना गेला' म्हणून कळवलं होतं, पण गावाचं तोंड कोण धरणार? शत्रूला पाठ कोण दाखवतो? पळणारा. फाळ्यानं हे चहाच्या टपरीवर बोलून दाखवलं आणि संध्याकाळपर्यंत ते घरोघर पोचलं. तेव्हापासून तिच्या बाजूनं बोलायला कुणी पुढं येईना. पळपुट्याच्या आईचा बांध राखून कुणाला काय मिळणार होतं?

"बाजूला हो," फाळ्या ओरडला. "नाहीतर बैल अंगावर घालीन."

"घाला! मी पाठ दाखवणार नाही."

"ते तुझ्या पोराला शिकवायचं होतंस!"

तिनं खुरपं उगारलंच. दोघीतिघी तिला धरायला धावल्या, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी 'बाबा' म्हणून हाक मारली.

ढेकळांतून कुबड्या टाकत लंब्या येत होता. दवाखान्यातून सुटून पहिल्या गाडीनं आला होता. एक पाय गुडघ्यापासून नव्हता.

"काकी, बाबांनी तुला काहीच सांगितलं नाही?"

"काय सांगायचं होतं?"

लंब्या बापाकडे वळला. "दवाखान्यात आलात तेव्हा सगळं सांगितलं होतं. काकीला सांगा म्हणून हात जोडले होते तुमच्यापुढं."

"गडबडीत राहून गेलं," फाळ्या बैलांकडे बघत म्हणाला. बांध कोरायला मात्र त्याच गडबडीत त्याला वेळ सापडला होता.

"आम्ही उघड्या माळावर सापडलो, काकी," लंब्या सांगायला लागला. "मला गोळी लागली. बाकीचे मागं खंदकात पोचले, बारक्याही पोचला होता. मी ओरडलो, तसा एकटा परत आला. ओढत होता मला, पण मी हा असा आडदांड. त्याला ओढवेना. मग वरून तोफगोळे पडायला लागले. म्हणाला, 'पालथा हो,' आणि माझ्यावर पालथा पडला. मी ढकलत होतो गं, हटलाच नाही." त्याचा आवाज फाटला. "तो बारीक, मी लांब. पुरला तेवढा त्यानं मला झाकला. हा पाय तेवढा बाहेर राहिला."

ज्यांच्या जिभा महिनोन्‌महिने चालल्या होत्या ते पायांतली ढेकळं बघायला लागले. टपरीवाला पुढं येऊन म्हणाला, "वहिनी, चुकलं आमचं."

"तुमचं नंतर बघते," ती म्हणाली.

ती लंब्याजवळ गेली. त्याच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला, वरपासून कमरेपर्यंत. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. तिथंच तिचे डोळे भरले. पण तिनं पदरानं ते खसकन पुसले आणि दिराकडे वळली.

"भावजी, नांगर सोडा. फावडं घ्या."

फाळ्यानं आमच्याकडे बघितलं. एकही मान त्याच्या बाजूनं हलेना. शेवटी पोराकडे बघितलं, तर त्यानं तोंड फिरवलं. मग त्यानं फावडं घेतलं आणि कोरलेल्या जागी माती ओढायला लागला. गुडघाभर बांध झाल्यावर घाम पुसत म्हणाला, "झालं का समाधान?"

"अजून घाला," ती म्हणाली. "माझं पोर लांबीला कमी पडलं, भावजी. बांध कमी पडायला नको."

फाळ्यानं फावडं पुन्हा मातीत घातलं.